लॅमिनेशन मशीनचा ताप

त्या वर्षी आमचं धान दुधावर आलं आणि नेमकी तेव्हाच झटका मशीन बंद पडली.

गडचिरोलीकडच्या माणसाला झटका मशीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. शेताभोवती बारीक तार ओढलेली असते. बांधावरच्या खांबाला सोलरची पाटी, तिच्या खाली बॅटरी आणि एक डबा. डब्यातलं कार्ड थोड्या थोड्या वेळानं त्या तारेत क्षणभराचा झटका सोडतं. रानडुकराचं नाक तारेला लागलं की ते ओरडत मागं पळतं, मरत नाही. माणसाचा हात लागला तर माणूस शिव्या देतो आणि घरी येतो. एवढंच तिचं काम. पण ती चालू असली की रात्री शेतात माणूस लागत नाही, आणि बंद पडली की लागतो.

आमच्या घरी तो माणूस म्हणजे बाबा. आमचं गाव धानोऱ्याच्या रस्त्याला. शेत बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पलीकडे, आणि शेताच्या पलीकडे जंगल. आमचा बांध संपला की साग सुरू होतो, मध्ये काहीच नाही. रात्री मचाणावर बसून, डबा वाजवून पिकाची राखण करायची, तिला आमच्याकडं जागल म्हणतात. मशीन आली तेव्हापासून बाबांची जागल सुटली होती. आता ती पुन्हा सुरू झाली. बाबांची साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत आलेला. आणि पावसाळ्यापासून आमच्या बाजूच्या जंगलात वाघ फिरत होता. पोळ्यानंतर शेजारच्या गावचा एक गुराखी त्यानं नेला होता. वनविभागाची गाडी गावातून भोंगा लावून गेली होती, की संध्याकाळनंतर शेतात जाऊ नका. गावानं ऐकलं, आणि संध्याकाळनंतर शेतात गेलं. डुकरांना भोंगा कळत नाही.

मी गडचिरोलीत खोली करून राहत होते. एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवत होते, अजूनही शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, इलेक्ट्रॉनिक्सची. गावात तिला 'लाईटीचं शिक्षण' म्हणतात. पोरगी लाईटीचं शिकली, म्हणजे तिला मिक्सर, मोबाईलचा चार्जर, विहिरीवरचा पंप, लग्नातला भोंगा, सगळं दुरुस्त करता येतं असा गावाचा समज आहे. सुट्टीत घरी गेले की ओसरीवर बंद पडलेल्या वस्तू येऊन बसतात. मी कधी नाही म्हणत नाही. मला शिकवायला आईबाबांनी काय काय केलं ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळेच मला नाही म्हणता येत नाही.

बाबांचा फोन आला.

"बाई, मशीन टकटक करून नाई राह्यली."

"बॅटरी पाह्यली का?"

"बॅटरी चांगली हाये. डब्याले वास येऊन राह्यला."

त्या रविवारी मी डबा उघडला. आत एक पाल जळून कोळसा झाली होती. उबेला शिरली असावी. तिच्यासोबत कार्डही गेलं होतं. तांब्याच्या रेषा उडालेल्या, खालची पाटी काळी, बोटानं दाबली तर भुगा होत होता. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गडचिरोलीतल्या दुकानदारानं डबा हातातही घेतला नाही. "हे मॉडेल बंद झालं मॅडम. कार्ड नाही मिळत."

"मग नवी मशीन द्या."

"एकही नाही. वाघाची बातमी आली अन् सगळा माल उचलला लोकांनी. दिवाळीनंतर गाडी येईल."

दिवाळीपर्यंत आमच्याकडं हलकं धान कापून पडलेलं असतं. दिवाळीनंतर मशीन आणून काय राखायचं होतं? बाहेरून कार्ड बनवून मागवावं म्हटलं तर तेही तेवढ्याच दिवसांचं काम होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरी अगदी आमच्यासारखीच मशीन होती, एकाच गाडीतून आलेली. त्या घरच्यांनी ती एक दुपार मला उघडू दिली. "दिवस बुडाच्या आंधी लावून दे व बाई," एवढीच अट. मी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले, एकेक रेष तपासून कागदावर उतरवली, कुठं किती अंतर सोडलंय ते पट्टीनं मोजून घेतलं. झटका किती जोराचा आणि किती अंतरानं, तेही मोजलं. त्यात मला काडीचाही बदल करायचा नव्हता. माणसाला न मारणारी मशीन कुणीतरी विचार करून बनवली होती. मला फक्त तिची नक्कल हवी होती.

नक्कल करायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फार त्रास झाला.

आधी मी भोकं पाडलेल्या तयार पाटीवर, म्हणजे झिरो बोर्डावर, सगळे भाग जोडून पाहिले. विद्यार्थी प्रात्यक्षिकाला वापरतात तीच पाटी. पण तिच्यावरचे तांब्याचे ठिपके फार जवळजवळ असतात. झटका तयार झाला की ठिणगी तारेत जाण्याऐवजी शेजारच्या ठिपक्यावर उडी मारायची. चट्ट आवाज यायचा आणि सगळं गप्प. म्हणजे रेषांमध्ये मोठं अंतर सोडलेलं स्वतःचं कार्डच बनवायला हवं होतं.

घरगुती कार्ड बनवायची रीत तशी सोपी आहे. पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. जिथं रेष हवी तिथलं तांबं झाकायचं आणि उरलेलं औषधाच्या पाण्यात विरघळू द्यायचं. झाकायला लेझर प्रिंटरची पावडर चालते, कारण ती शाई नसून एक प्रकारचं प्लास्टिकच असतं. गुळगुळीत कागदावर नकाशा छापायचा, तो पाटीवर पालथा घालायचा, तापवून दाबायचा. पावडर वितळते आणि कागद सोडून तांब्याला धरते.

तापवायला मी इस्त्री घेतली. खोलीत जमिनीवर पाटी ठेवून इस्त्रीवर अंगाचा भार टाकायचे. मधल्या रेषा उतरायच्या, कडेच्या कागदातच राहायच्या. कडा जास्त दाबल्या की मधल्या रेषा पसरून एकमेकींत जायच्या. मग सगळं घासून काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. भिजलेला कागद अंगठ्यानं चोळून काढावा लागतो. माझ्या अंगठ्याची कातडी निघाली. दिवसभर तास घ्यायचे, वह्या तपासायच्या, संध्याकाळी ही इस्त्री. आणि रोज सकाळी आईच्या फोनची वाट पाहायची. ती फोनवर जास्त बोलायची नाही. "आले घरी," म्हणायची आणि ठेवायची. तेवढं ऐकलं की मी अंघोळीला जायचे.

नकाशा छापायला मी बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जात असे. दुकानवाले भाऊ मला मी अकरावीत होते तेव्हापासून ओळखतात. तेव्हा मला 'ए पोरी' म्हणायचे. तंत्रनिकेतनात लागले तशी त्यांनी 'मॅडम' सुरू केलं, आणि मी कितीही सांगितलं तरी सोडलं नाही. गुळगुळीत कागद म्हणून मी कृषी केंद्रातून बियाण्याची पत्रकं आणत होते, मागून कोरी. ती प्रिंटरमध्ये घालताना भाऊ कपाळावर हात मारून घ्यायचे.

"मॅडम, माह्या प्रिंटरले आता कापसाचं बियानं चारता का?"

"एकच काढा हो भाऊ. शेवटचं."

"कालबी शेवटचंच होतं."

त्याच वेळी त्यांच्या काउंटरखाली धूळ खात पडलेलं जुनं लॅमिनेशन मशीन मला दिसलं. रोलरमधून एकसारखी उष्णता, एकसारखा दाब. इस्त्रीत जे नव्हतं ते सगळं त्याच्यात होतं.

"हे चालते का?"

"फिरते, पन तापत नाई. आधार कार्ड घातलं तं पापुद्र्यावानी सुटून येते. भंगारात द्याचं हाये."

"मला द्या."

"न्या. पन वापस आनू नका."

मशीन पिशवीत घालून मी चालत खोलीवर आले. पेच काढून झाकण उघडलं. आत रबराचे रोलर, त्यांना फिरवणारी बारीक मोटर, प्लास्टिकची दातेरी चाकं आणि तापणारी पट्टी. पट्टीला टेकून मोहरीएवढा एक मणी होता. त्याला थर्मिस्टर म्हणतात. पट्टी जसजशी तापते तसतसा त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि त्यावरून मशीनला कळतं की बास झालं, आता तापणं थांबवा. या मशीनच्या मण्याच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या, त्यामुळे रोध उरतच नव्हता आणि थंड असतानाही मशीनला आपण तापलोय असंच वाटायचं. त्या मी वेगळ्या केल्या. मशीन पूर्वीसारखं तापायला लागलं. पण पूर्वीसारखं म्हणजे आधार कार्डापुरतं. पाऊच चिकटायला जेवढी उष्णता लागते तिच्यापेक्षा प्रिंटरची पावडर वितळायला बरीच जास्त लागते, आणि वर तांब्याची पाटी उष्णता पिऊन टाकते.

म्हणून मण्याच्या तारेत मी आणखी एक रोध जोडला, गोल बटणानं कमीजास्त होणारा. आता पट्टी कितीही तापली तरी मशीनला एकूण रोध जास्तच दिसायचा. म्हणजे मशीनला ताप चढलेला असायचा आणि आपण त्याला सांगत राहायचं की तुला अजून थंडीच वाजते आहे. मग ते बिचारं आणखी तापायचं. जास्त तापलं तर जळून सगळं बंद करणारा एक फ्यूज असतो, त्याला मात्र मी हात लावला नाही. तो वगळायचे सल्ले लोक देतात. पण मशीनशी खोटं बोलायचं तर निदान त्याची शेवटची कडी तरी जागेवर असू द्यावी, असं मला वाटलं. खोली भाड्याची होती, हेही एक कारण होतंच.

मल्टिमीटरची उष्णता मोजायची तार रोलरच्या तोंडाशी धरून मी बसून राहायचे. बटण थोडं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा मोजायचं. पहिल्या पाटीवर कागद भाजलेल्या पापडासारखा तपकिरी झाला. दुसरीत रेषा पुसट आल्या. पाटी जाड असल्यामुळे रोलर अडायचे, म्हणून पातळ पाटी शोधली, रोलर दाबणाऱ्या स्प्रिंगा जरा सैल केल्या. रबराचा वास खोलीभर सुटायचा. घरमालकीणबाईंनी विचारलं, "काय जाळून राह्यल्या व?" मी म्हटलं, "प्रॅक्टिकल आहे." मग एका संध्याकाळी पाटी रोलरमधून पुन्हा पुन्हा फिरवून मी पाण्यात टाकली, कागद चोळला, आणि सगळ्या रेषा तांब्यावर उभ्या होत्या. एकही तुटलेली नाही, एकही पसरलेली नाही. मी पाटी उजेडात धरून नुसती पाहत राहिले. इतकी दमले होते की आनंद झाला हेसुद्धा जरा उशिरानं लक्षात आलं.

औषधाच्या पाण्यात तांबं विरघळवलं, भोकं पाडली, भाग जोडले. रविवारी सकाळच्या एसटीनं गावी गेले. बाबा शेतातच होते. डोळे लाल, आवाज बसलेला. रात्री डुकरांचा कळप उतरला होता आणि त्यांनी कडेची एक बांधी, म्हणजे धानाचं एक खाचर, लोळून सपाट केली होती. बाजूच्या बांधावर उमटलेले वाघाचे माग त्यांनी मला दाखवले नाहीत. आईनं घरून निघतानाच हळूच सांगून ठेवलं होतं.

बांधाशेजारचे काकाही तिथं उभे होते. मी डब्यात कार्ड बसवत असताना ते बाबांना सांगत होते, "भाऊ, काहाले पोरीले तरास देता? पंपाच्या लायनीवरून सरळ आकडा टाका तारेवर. डुक्कर जागीच थंड. मटनबी होते."

"अन् मानूस मेला तं?"

"राती कोन मानूस येते तुमच्या वावरात?"

"मीच येतो ना बाप्पा," बाबा म्हणाले.

काका हसले, पण गेले नाहीत. मला ठाऊक होतं की मशीन आज चालली नाही तर हे बोलणं उद्या पुन्हा होईल, परवाही होईल. आणि बाबांच्या नसलं तरी त्यांच्या स्वतःच्या बांधावर तो आकडा पडेल. रात्री डोळ्यांनी कमी दिसणारा माणूस त्याच बांधावरून जातो.

मी बटण दाबलं. टक झालं नाही. कार्डावरचा मुख्य भाग बोट ठेवता येणार नाही इतका तापला आणि बारीक धूर निघाला. मी तार ओढून काढली.

मग काका म्हणाले, "लाईटीचं शिक्षन हाये, धूर तं निघनच." बाबा त्यांच्याकडं वळून म्हणाले, "तुह्या वावरात जा गा आता." मला म्हणाले, "राहू दे बाई. जेवून घे."

संध्याकाळच्या एसटीनं मी परत निघाले. कार्ड मांडीवर होतं. नकाशा मी तीनदा तपासला होता, भाग नवे होते, रेषा पक्क्या होत्या. कुठं चुकलं ते कळत नव्हतं, आणि शोधायची ताकदही उरली नव्हती. गाडीत दिवे लागले. बाहेर अंधारून आलं तसं खिडकीच्या काचेत सगळं उलटं दिसायला लागलं: समोरचं बाक, वाहकाची पिशवी, माझा हात, आणि हातातलं कार्ड. कार्डाच्या कोपऱ्यात मी तांब्यातच दोन अक्षरं ठेवली होती, 'वर', म्हणजे डब्यात बसवताना कोणती बाजू वर ते कळावं. काचेत ती अक्षरं मला अगदी सरळ वाचता आली.

मी खाली मांडीवर पाहिलं. मांडीवर ती उलटी होती.

कागद पालथा पडतो, म्हणून कागदावर अक्षरं उलटी छापायची असतात. तेव्हा ती तांब्यावर सरळ येतात. माझ्या कार्डावर ती उलटी आली होती. म्हणजे सगळा नकाशाच डाव्याचा उजवा झाला होता, आणि मुख्य भागाचे पाय डावीकडचे उजवीकडे गेल्यावर तो जळणारच होता. घासताना, भोकं पाडताना, जोडताना ती दोन अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी रेषा मोजत होते. अक्षर वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर उभी होते.

"भाऊ, मागच्या वेळची प्रिंट तुम्ही तशीच काढली होती ना? फाईलमध्ये होती तशी?"

भाऊंचा चेहरा खुलला. "नाई मॅडम. त्याच्यात एक चूक होती. अक्षर उलटं आलं होतं. मंग मी आरसा मारून सरळ करून देल्लं." माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "त्याचे पैसे नाई घेतले, काही टेन्शन घेऊ नका."

मला रागावता आलं नाही. आमच्याकडं कागदावरचं एक अक्षर फिरलं तर माणूस वर्षभर फिरतो. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. एका वेलांटीसाठी लोक धानोऱ्याहून गडचिरोली आणि गडचिरोलीहून चंद्रपूर करतात. भाऊंनी आयुष्यभर हेच केलं आहे. समोर आलेला कागद ते आधी वाचतात, मग छापतात. बारावीनंतर माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जात बाबांच्या नावात काना राहिला होता. तो त्यांनीच पकडला, मला हाक मारून परत बोलावलं आणि म्हणाले, "ए पोरी, हे असं गेलं असतं तं तुहं साल वाया गेलं असतं." तो काना राहिला असता तर मी आज त्यांच्याकडं प्रिंट काढायला आलेच नसते.

मी त्यांना सगळं समजावलं, आणि ओघात बाबांची जागलही सांगितली. त्यांनी मान खाली घालून फाईल पुन्हा उघडली.

"मले वाटलं मॅडमची चूक वाचवली."

"तुमचं बरोबरच होतं हो. माझंच काम उलटं आहे."

"आता उलटंच ठेवतो. पन उलटं अक्षर छापाची सवय नाई, मॅडम."

त्यांनी प्रिंट काढली, कागद दिव्यासमोर धरून मागच्या बाजूनं वाचून पाहिलं, 'वर' असं मोठ्यानं म्हणाले, आणि मगच माझ्या हातात दिला.

दुसरं कार्ड करताना लॅमिनेशन मशीननं जीव सोडला. एवढ्या उष्णतेसाठी ते बनलेलंच नव्हतं. पाटी अर्धी आत गेलेली असताना आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते मऊ होऊन एकमेकांवरून घसरायला लागले. मोटर फिरत होती, रोलर थांबले होते. पाटी तशीच राहिली असती तर पुन्हा कागद करपला असता. मी झाकण काढलेलंच होतं. भांडी उतरवायचं फडकं हाताला गुंडाळून मी रोलरचा दांडा हळूहळू स्वतः फिरवला, पाटी बाहेर येईपर्यंत, आणि मग पुन्हा आत घालून पुन्हा बाहेर. मनगट दुखत होतं. पाण्यात कागद सुटला तेव्हा मी रेषा पाहिल्याच नाहीत. आधी कोपरा पाहिला. 'वर' सरळ होतं.

त्या आठवड्यात मी शुक्रवारचे तास बुडवले आणि दुपारच्या गाडीनं गावी गेले. बाबा मचाणाखाली सावलीत झोपले होते, तोंडावर टॉवेल टाकून. मी त्यांना उठवलं नाही. कार्ड बसवलं, तारा लावल्या, बटण दाबलं. थोडं थांबून डब्यातून आवाज आला, टक. मग पुन्हा टक. मी मल्टिमीटर काढून सगळं तपासलं. मशीनच्या जुळ्या बहिणीवर जे आकडे आले होते तेच याही वेळी आले.

मागून बाबांचा आवाज आला, "बोलून राह्यली?"

त्यांनी गवताचं एक हिरवं पातं तोडलं आणि तारेला टेकवलं. आमच्याकडं मशीन अशीच तपासतात. गवतातून येणारा झटका मुंगी चावल्याएवढा लागतो. बाबांचा हात उडाला. त्यांनी एक शिवी दिली आणि हसले. आईला बोलावून तिलाही पातं धरायला लावलं. ती म्हणाली, "मले नाई पाह्यजे तुमचा करंट," पण धरलं, आणि तीही हसली.

मला वाटलं, संपलं. पण ऊन उतरल्यावर घरी बाबा टॉर्च पाहू लागले.

"बाबा, कुठी?"

"जागलीले."

"मशीन चालू झाली ना!"

"मशीन चालू झाली म्हनूनच तं. डुकराले मशीन पाहीन. मशीनले कोन पाहीन? रस्त्याच्या तिकडल्या गावातून बॅटऱ्या चोरून नेऊन राह्यले." त्यांना यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं. "तू येवढी मेहनत केली बाई. तुहं कार्ड हाये त्याच्यात."

मी ओसरीवरच बसले. इतके दिवस मी ज्यासाठी राबले होते ते माझ्याच कार्डानं उलटवलं होतं. आधी ते धानासाठी जात होते, आता माझ्या कार्डासाठी जाणार होते. भांडायला हवं होतं, पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं. मी फक्त म्हणाले, "बाबा, नका जाऊ." ते "येतो सकाळी," म्हणाले आणि पांघरायची वाकळ घ्यायला आत गेले.

वाकळ नव्हती. ती अंगणातल्या तारेवर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"हे कोनं केलं?" बाबा म्हणाले.

"मी," आई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "पोरीची मशीन टकटक कराले लागली तं मी घरी येऊन वाकळ धुतली. किती वास मारत होती."

"आजच धुवाची होती?"

"मंग कवा? तुमी अंगावरून उतरवता कवा तिले?"

"बॅटरी नेली चोरानं तं?"

"नेऊ द्या. बॅटरी गेली तं दुकानातून दुसरी आनू." तिनं भाकरी उलटवली. "तुमी गेले तं कोन्या दुकानात जाऊ?"

बाबा तारेपाशी गेले. वाकळीचं एक टोक त्यांनी मुठीत घेऊन पिळलं, पाणी पायावर पडलं. आश्विनातही आमच्याकडं पहाटेचं दव असं पडतं की पांघरुणाशिवाय मचाणावर बसता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. ते ओसरीवर परत आले. मग टॉर्च खुंटीला अडकवली आणि जेवायला बसले.

मी दोन दिवस राहिले. सकाळी उजाडल्यावर बाबा शेतात जाऊन यायचे. डुकरांचे माग तारेपर्यंत आलेले आणि तिथून वळलेले असायचे, बॅटरी जागेवर असायची, ते तसं येऊन सांगायचे. संध्याकाळ झाली की अंगणाकडं न पाहता विचारायचे, "वाकळ वाळली का व?"

आई म्हणायची, "नाई. ओलीच हाये."

आश्विनातलं ऊन आमच्याकडं एका दुपारी मोहफुलं कडकडीत करील असं असतं. पुढंही ती फोनवर तेच सांगायची, की आजही ओलीच आहे, आणि मागून बाबांचं खोकणं ऐकू यायचं. धान कापून घरात येईपर्यंत ती वाकळ वाळली नाही.